सर्वांत हलका डबा

लोक मला तोंडावर ताई म्हणतात, पाठ वळली की कचराबाई. ओला-सुका वेगळा कसा करायचा, कचरा कमी कसा करायचा, हे घरोघरी शिकवायचं आणि रोज सकाळी प्रत्येकाचा डबा वजनकाट्याला लावून आकडा टिपायचा, हे माझं काम. महिनाभर ज्याचा डबा सर्वांत हलका, त्याचा सभागृहात सत्कार.

या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांचा पहिला नंबर चालला होता. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. दुकान बंद केलेले, एकटे राहणारे. शेजाऱ्यांचा रोज दीड किलो कचरा, आणि यांचा डबा लावला तरी काटा हलायचा नाही.

"आकडे घरी बसून भरता काय?" पालिकेतल्या आमच्या साहेबांनी विचारलं. "सोमवारी मी स्वतः येतो. खोटं निघालं तर दुसरं काम बघा."

या नोकरीवर मी आणि माझी आई, दोघींचं पोट. मास्तरांचा मला असा राग आला की सांगायची सोय नाही. कुठंतरी पाणी मुरत होतं, नक्की.

जिन्यातला सामाईक डबा मी उपसला. त्यांच्या खिडकीखालची गल्ली पालथी घातली. बिडीची थोटकं मिळाली, आणि मास्तर बिडी ओढत नाहीत. मग शेजारच्या काकूंना गाठलं.

"तुमच्या डब्यात टाकतात का हो गुपचूप?"

"माझा डबा घरातच असतो बाई. पण माणूस आतल्या गाठीचा हं! बायको गेल्यापासून दार फटीपलीकडे उघडत नाही."

मला एवढंच हवं होतं. रविवारी दार वाजवलं. "मास्तर, आत येऊन तपासायचंय. नवा नियम आहे." असला नियम कुठंच नाही, मी बेधडक ठोकून दिलं. ते बाजूला झाले. सदरा अंगावर लोंबत होता. शिंप्याच्या अंगात मापाचा सदरा नाही, हेही मला सोंगच वाटलं.

स्वयंपाकघरात मी ओट्याखाली वाकले, पिंपामागं पाहिलं, कपाटं उघडली. लपवलेला कचरा कुठंच नव्हता. पिठाचा डबा रिकामा होता. शेगडीच्या एका बाजूवर बोट फिरवलं तर धूळ, ताटांवर धूळ. फक्त एक कप ओला होता. कचऱ्यात चिमूटभर चहाची भुकटी, इतक्यांदा उकळलेली की रंगही उरला नव्हता.

"जेवता कुठं तुम्ही?"

मास्तर ओशाळून हसले. "तुम्हीच शिकवलंत ना ताई, लागेल तेवढंच शिजवा. ही गेल्यापासून मला काही लागतच नाही."

मला माझीच लाज वाटली. तीन आठवडे तो डबा मी या हातांनी उचलत होते.

सोमवारी साहेबांनी स्वतः वजन केलं आणि खूश झाले. "आकडे खरे आहेत की! सत्काराला यांनाच बोलवा."

"यांचं नाव काढा, साहेब. हा माणूस जेवत नाही."

मी माझा जेवणाचा डबा आणि चार केळी घेऊन परत वर गेले.

"मास्तर, आज तुमच्या डब्यात सालं पडणार. पहिला नंबर गेला समजा."

त्यांनी दार पूर्ण उघडलं. मग आत जाऊन दोन ताटं काढली. बराच वेळ नळ चालू होता.