बसल्या जागी अकरा हजार

मी एक डबी बोलतेय. कागदोपत्री माझं नाव पेडोमीटर, पण या घरात त्या नावाने मला कुणी कधी हाक मारलेली नाही. काडेपेटीपेक्षा थोडी लहान, मागे एक चिमटा, पुढे एक खिडकी आणि खिडकीत आकडे. पावलं मोजणं हे माझं काम. दुसरं काही मला येत नाही, आणि येतं असं मी म्हटलेलंही नाही.

माझ्या पोटात बारीक स्प्रिंगवर एक छोटंसं वजन टांगलेलं आहे. मी हलले की ते खालीवर होतं आणि आकडा एकने वाढतो. कारखान्यात एका बाईने मला हातात धरून शंभर वेळा हलवलं, खिडकीत शंभर दिसल्यावर "चालतेय" म्हणाली आणि खोक्यात टाकलं. ती स्टुलावर बसून होती. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

माझ्या कपाळावर एका पित्ताच्या गोळीचं नाव छापलेलं आहे. त्या गोळीच्या कंपनीचा माणूस औषधांच्या दुकानांतून अशा फुकटच्या वस्तू वाटत फिरायचा. अशाच एका दुकानात कामाला असलेल्या बाईंना त्याने दोन डब्या दिल्या, मी आणि माझी जुळी. बाईंनी मला नवऱ्याला दिलं आणि जुळीला समोरच्या इमारतीतल्या टपालकाकांना.

बाईंचा नवरा म्हणजे आमचे चष्मेवाले. वय शेहेचाळीस. चष्म्याचं छोटं दुकान, दिवसभर बसून काचांच्या कडा घासायच्या आणि लोकांना "आता वाचा बरं खालची ओळ" म्हणायचं. साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं. ते "हो" म्हणाले आणि घरी येऊन बसले.

त्यांना बाहेर काढलं ते टपालकाकांनी. छत्तीस वर्षं घरोघर टपाल वाटून निवृत्त झालेला माणूस, पायाला भिंगरी. घरी एकटेच. पहाटे खालून हाक मारायचे, "चष्मेवाल्या, उतरतोस का मी वर येऊ?" काका वर आले की तासभर हलत नाहीत हे ठाऊक असल्यामुळे चष्मेवाले उतरायचे.

शाळेमागच्या मैदानावर पहिल्या दिवशी अर्ध्या फेरीत त्यांना धाप लागली. काका म्हणाले, "दम लागला की तोंड बंद ठेव, पाय चालू ठेव. तू उलटं करतोस." त्या दोघांनी आम्हा दोघींना आधी कंबरेला लावून पाहिलं होतं, पण चष्मेवाल्यांच्या पोटाच्या वळीत मी दबून जायचे आणि निम्मी पावलं चुकवायचे. म्हणून मग डाव्या बुटाच्या नाडीला. तिथून मी एक वर्ष मैदान पाहिलं. वर्षाने दोघं न थांबता दहा किलोमीटर धावायला लागले आणि एका शर्यतीत दोघांनी नाव घातलं. बरोबर निघायचं आणि बरोबर पोचायचं, असं ठरलं होतं.

बरोबर पोचायचं म्हणून एक नियम होता, आणि तो काकांच्या टपालातून आलेला होता. आज उरलेलं टपाल उद्या सगळ्यात आधी वाटायचं. म्हणजे संध्याकाळी सात वाजता काकांनी फोन करायचा, "किती?" दोघांनी आपापल्या डबीतला आकडा सांगायचा. ज्याचा कमी भरेल त्याने ती तूट दुसऱ्या दिवशी आधी भरून काढायची आणि मग त्या दिवसाचं धावायचं. मैदानावर दोघं शेजारी धावत, त्यामुळे तूट पडायची ती पन्नास-साठ पावलांची. काका ती जिना दोनदा चढून उतरून फेडत आणि मिशीत हसत.

मग साथ आली आणि सगळं बंद झालं. मैदानाच्या फाटकाला साखळी लागली, चष्म्याच्या दुकानाचं शटर खाली आलं, शर्यत रद्द झाल्याचा दोन ओळींचा निरोप आला. बाईंचं औषधांचं दुकान तेवढं उघडं राहिलं. त्या सकाळी आठला जायच्या, संध्याकाळी यायच्या, दारातूनच थेट न्हाणीघरात, कपडे बादलीत. पहिले काही दिवस नवऱ्याने विचारलं, "कसं आहे बाहेर?" त्या म्हणाल्या, "रांगा आहेत." नंतर त्यांनी विचारणं सोडलं.

चष्मेवाल्यांनी घरातच धावायला सुरुवात केली. गॅसच्या ओट्यापासून दारापर्यंत एकोणीस पावलं, वळायचं, परत एकोणीस. तिसऱ्या दिवशी खालच्या घरातून छताला झाडूची काठी ठोकली गेली. मग धावण्याचं चालणं झालं, चालण्याचं रेंगाळणं झालं. नियम होताच, काका रोज फोन करायचे, त्या धाकाने महिनाभर कसंबसं चाललं.

त्यानंतरचं मी जसं पाहिलं तसं सांगते. चष्मेवाल्यांना दुःख झालं होतं असं मी म्हणणार नाही. त्यांना काहीच होत नव्हतं. चहा गार व्हायचा, ते गारच प्यायचे. टीव्हीवर आज किती गेले ते सांगायचे, ते ऐकायचे. केस कानांवर आले होते. सवय एकच शिल्लक होती. सकाळी सहाला उठायचं, बूट घालायचे, नाड्या बांधायच्या, मला नाडीला अडकवायचं. आणि मग खुर्चीत बसायचं.

बसले की उजव्या पायावर डावा पाय टाकायचे, आणि तो पाय हलायला लागायचा. पुष्कळ माणसांना ही खोड असते. बाई एरवी त्यांना म्हणायच्या, "अहो, पाय हलवू नका, बघून गरगरतं." पण बाई आता दिवसभर घरात नसायच्या. पाय हलत होता, मी हलत होते, आणि माझ्या पोटातलं वजन त्याचं काम करत होतं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला तेव्हा त्यांनी खाली वाकून माझ्या खिडकीत पाहिलं. सात हजार चारशे. दिवसभरात ते दोनदा उठले होते, एकदा पाणी प्यायला आणि एकदा टीव्हीचा रिमोट शोधायला.

"किती रे?" काकांनी विचारलं.

"सात हजार चारशे."

"अरे वा. मी सहा हजारांवर थकलो बघ आज. म्हणजे चौदाशे माझ्याकडे निघाले. उद्या आधी तेच."

चष्मेवाले "बरं" म्हणाले. त्यांनी ठरवून थाप मारली नव्हती. विचारलं आणि आकडा समोर होता, म्हणून वाचून दाखवला. लोकांना खालची ओळ वाचायला लावणारा माणूस, दिसली ती ओळ वाचून मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी आठ हजार, पुढच्या आठवड्यात नऊ. पाय आपोआप सरावला होता. कधी कधी सकाळी उठायचं, चालायचं, असं त्यांच्या मनात यायचं, मला ते नाडी घट्ट ओढण्यावरून कळायचं. पण खुर्ची वाटेतच होती. आणि रात्रीचं जेवण होईपर्यंत मघाशी सांगितलेला आकडा खोटा होता हे त्यांना नीट आठवतही नसे.

समोरच्या इमारतीत माझी जुळी काय करत होती ते मला फोनवरच्या आवाजावरून कळायचं. आधी काका फोनवर गप्पा मारायचे. कबुतरांनी खिडकीत घरटं केलंय, वरचा भाडेकरू बासरी शिकतोय आणि आख्ख्या इमारतीला शिकवतोय. मग गप्पा कमी झाल्या. "किती?" विचारायचे, ऐकायचे, मध्ये श्वास घ्यायचे. "माझे दोन हजार कमी. बघतो उद्या." काकांनी माझ्याबद्दल शंका घेतली नाही. त्यांची डबी खरं सांगत होती, मग तिची जुळी खोटं का सांगेल?

मला थांबता आलं असतं तर मी थांबले असते. पण मला थांबवायला पाय थांबावा लागतो.

दोन महिने झाले असतील. त्या दिवशी बाई साडेसहाला घरी आल्या आणि न्हाणीघरात गेल्या नाहीत. दारातच उभ्या राहिल्या. काकांची रक्तदाबाची गोळी त्या येता येता द्यायच्या; काका दोन मजले वरून दोरीला पिशवी बांधून सोडायचे, त्या पिशवीत गोळ्या ठेवायच्या. आज पिशवी खाली आली नव्हती, म्हणून त्या वर गेल्या होत्या.

"काकांचा गुडघा नारळाएवढा झालाय," बाई म्हणाल्या. "जेवायच्या टेबलाभोवती फिरतात. रोज, एकाच बाजूने. फरशीवर गोल उमटलाय काळा. मी म्हटलं बसा, तर म्हणतात चष्मेवाल्याचे अकरा हजार होतात, माझे राहिलेत, मी मागे नाही राहणार. भिंतीला धरून फिरत होते हो."

चष्मेवाले टीव्हीकडे पाहत होते. पाय हलत होता.

"अकरा हजार तुम्ही कुठे चालता?" बाईंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, दिवसभर उभं राहून दमलेला होता.

मग त्यांचं लक्ष बुटाकडे गेलं. बुटावरून माझ्याकडे. त्या दोन पावलं पुढे आल्या आणि वाकल्या, अंघोळीच्या आधी कशाला हात लावायचा नाही म्हणून हात मागे बांधूनच. माझ्या खिडकीत तेव्हा अकरा हजार छत्तीस होते, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सदतीस झाले, अडतीस झाले.

"पाय थांबवा," त्या म्हणाल्या.

पाय थांबला. बाई न्हाणीघरात गेल्या. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला.

सातला फोन वाजला.

"किती?"

चष्मेवाल्यांनी या वेळी वाकून माझ्याकडे पाहिलं नाही.

"ऐकू येतंय का? आज माझे कमीच आहेत. पाय जरा आखडलाय."

"काका," चष्मेवाले म्हणाले, "मी चालत नाहीये. दोन महिने. बूट घालून खुर्चीत बसतो आणि पाय हलवतो. डबी बुटाला असते. तो आकडा सांगत होतो."

पलीकडून बासरी तेवढी ऐकू येत होती, कच्ची, एकाच सुरावर अडखळणारी.

"मग मी कुणाच्या मागे धावत होतो रे?" काका म्हणाले. प्रश्न विचारावा तसं विचारलं, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सातला फोन वाजला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चष्मेवाल्यांनी मला नाडीवरून काढून खणात टाकलं, जुन्या चष्म्यांच्या घरांमध्ये. त्यांना रडू आलं का, मला ठाऊक नाही. बाई खणाजवळ उभ्या राहून एकदा म्हणाल्या, "जाऊन या." ते म्हणाले, "बंदी आहे." बाई म्हणाल्या, "समोर जायला?" मला शरम वाटत होती. मी खोटं एकही पाऊल मोजलं नव्हतं, मी फक्त हलणं मोजलं होतं, असं मी स्वतःला त्या अंधारात पुष्कळदा सांगितलं. त्याने काही फरक पडला नाही.

बंदी सैल झाल्यावर एका सकाळी त्यांनी खण उघडला, मला शर्टाच्या खिशात टाकलं आणि रस्ता ओलांडून दोन मजले चढले. वर पोचेपर्यंत त्यांचं काळीज धडधडत होतं. खिशात मला ते नीट ऐकू येत होतं.

काकांनी दार उघडलं. हातात काठी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, धावणं आता कायमचं विसरा. घरातल्या घरात, कुणाला तरी धरून थोडं चाला, नाहीतर पाय तसाच आखडून राहील. धरायला घरात कुणी नव्हतं.

चष्मेवाले दारात उभे. माफीचे शब्द त्यांनी जिन्यात जुळवले असावेत, पण काकांनी त्यांना सुरुवात करू दिली नाही.

"बूट बाहेर काढ," काका म्हणाले. "आणि या बाजूला ये. डाव्या."

चष्मेवाल्यांनी बूट काढले. काकांनी त्यांच्या खिशातून मला ओढून काढलं, उलटसुलट करून पाहिलं आणि आपल्या पायातल्या सपातेच्या पट्ट्याला चिमटा लावला. माझ्या जुळीचा सेल संपला होता. मग त्यांनी चष्मेवाल्यांचा दंड धरला आणि दोघं निघाले, टेबलाभोवती, रोजच्या उलट बाजूने.

काका पाय उचलत नव्हते. फरशीवरून सरकवत होते, वीतभर पुढे, थांबायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा वीतभर. माझ्या पोटातलं वजन जागचं हललं नाही. मी जीव एकवटून वाट पाहत होते. चार वेळा पाय जरा अडखळला तेव्हा ते वजन खालीवर झालं. बाकी काही माझ्यापर्यंत पोचलंच नाही. त्यांनी एक फेरी घातली, आणि खुर्चीशी आल्यावर काकांच्या कपाळावर घाम होता.

"किती?" काकांनी विचारलं.

"बेचाळीस," चष्मेवाले म्हणाले.

काकांनी वाकून माझ्याकडे पाहिलं. "डबी चार म्हणते."

"हो."

"तू मोजलीस?"

"मोजली. एकेक."

काका कितीतरी वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. चष्मेवाल्यांनी नजर खाली घातली नाही. शेवटी काका खुर्चीत टेकले आणि पाय पुढे पसरले.

"बरं," ते म्हणाले. "मग बेचाळीस."

आता रोज दहाला चष्मेवाले येतात. दुकान अकराला उघडतात. काल एकशे दहा पावलं झाली. मी सपातेवर असते, पण माझ्या खिडकीत कुणी डोकावत नाही. दोघं मोठ्याने मोजतात, मध्येच कुणी चुकलं की भांडतात आणि मागचा आकडा धरून पुढे जातात. माझा सेलही आता उतरत आलाय, आकडे पुसट दिसतात. चष्मेवाले काल म्हणाले, दुकानातून येताना नवा सेल घेऊन येतो. तुमच्यापैकी कुणाला ते वाटेत भेटले, तर एवढं सांगा त्यांना. म्हणावं, राहू दे.