हाताने काढलेली गाठ

हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. खाटेवर निजलेल्या बाईच्या जबड्यावर महाराजांनी बोटं रोवली, "निघ बाहेर, अवदसे!" अशी गर्जना केली, आणि रक्ताच्या ओघळातून काळपट गोळा वर आला. ना सुरी, ना जखम! लोकांच्या डोळ्यांना धारा लागल्या. सर्वांत जास्त रडला तिचा नवरा, कुलपं दुरुस्त करणारा.

"यंत्रांना वरवरचं दिसतं, आम्हाला आरपार!" महाराज म्हणाले. मग या आरपार बघणाऱ्यांना शिष्याने हात धरून पायरी उतरवली.

बाई बसस्थानकावर गाड्या पुकारायची. जबड्यात कॅन्सर निघाला, तेव्हा सर्जनबाईंनी दोघांना पडद्यावर स्कॅन दाखवला होता.

"जबड्याचा एवढा भाग काढायचा. पायातलं हे बारीक हाड कातडीसकट, रक्तवाहिनीसकट आणून तिथं बसवायचं आणि मानेतल्या रक्तवाहिनीला जोडायचं. पायाला बाकीचा रक्तपुरवठा पुरेसा आहे, हे इथंच दिसतंय. चालता येईल, बोलताही येईल."

"करून टाकू या हो," बाई म्हणाली.

नवरा मात्र अडून बसला. तोंडासाठी पाय कापायचा? त्यानेच तिला गळ घालून महाराजांकडे नेलं.

गोळा निघाला, पण गालाची सूज उतरेना. "मूळ सुकतंय, म्हणून फुगतंय," महाराजांनी सांगितलं. घास चावेना, शब्द फुटेना, तेव्हा बाई स्वतःच उठून इस्पितळात गेली. नवरा मागोमाग गेला, तो गोळा बाटलीत घेऊन.

सर्जनबाईंनी गोळा तपासायला पाठवला आणि स्कॅन पुन्हा काढला.

"ही कोंबडीची कलेजी आहे," त्या हलकेच म्हणाल्या. "कापसाच्या बोळ्यात लपवतात, लाल रंगाच्या पिशवीसकट. बोटं दुमडून दाबली की आत शिरल्यासारखी वाटतात."

हॉलमध्ये शिष्याने महाराजांपुढे केलेला कापूस नवऱ्याला आठवला. "मग गाठ?"

"तिथंच आहे. मानेतल्या मोठ्या धमनीला तिने वेढा घातलाय. आता ती काढता येणार नाही."

"पायाचं हाड घ्या! दोन्ही पायांचं घ्या! माझं घ्या!"

"पायाच्या रक्तवाहिन्या अजून उत्तम आहेत हो," सर्जनबाई म्हणाल्या. "पण मानेतली गाठच आता निघत नाही."

बाईने नवऱ्याची बाही ओढली. शब्द अडखळत आले. "त्या खाटेवर... आज कोण निजलंय?"

ती वारल्यानंतर तो महाराजांच्या हॉलच्या दारात उभा राहिला. कापूस, रंग, कलेजी सोबत होती. सगळ्यांदेखत त्याने स्वतःच्या धडधाकट गालातून गोळा काढला. लोकांनी हात जोडले. मग त्याने मूठ उघडून आतला कापूस आणि रंगाची पिशवी दाखवली.

"मला कुलपं उघडता येतात, शरीर नाही. महाराजांनाही नाही. बाबांनो, डोळ्यांना दिसलं म्हणून खरं मानू नका. काढलेला गोळा तपासून घ्या. गाठ असेल तर आजच डॉक्टर गाठा, स्कॅन काढून घ्या."

कुणी शिव्या दिल्या, बरेचजण आत गेले. एक माणूस थांबला. त्याच्या मुलीच्या गळ्याला गाठ होती.

"त्या स्कॅनमध्ये दुखतं का?"

"एक सुई टोचतात. बाकी नुसतं पडून राहायचं," तो म्हणाला. "चला, मी येतो बरोबर."