ओ खाली शहात्तर

योर्लेनीच्या केसांत मीठ होतं, भुवयांत मीठ होतं, बुटांतल्या मिठाची तर दर पावलाला करकर ऐकू येत होती. तरी ती घोड्याच्या पुढे धावत डोंगर उतरत होती. धावायची खरं तर काहीच गरज नव्हती. मीठ तिच्याआधी गावात पोचणार नव्हतंच. पण आजच्या दिवशी चालत येणं तिला जमलंच नसतं.

वर जंगलात एक ओढा काळ्या खडकाखाली शिरतो आणि पुन्हा कुणाच्या नजरेला पडत नाही. गावात त्या जागेला ‘गिळणारी’ म्हणतात. ती ओढा गिळते, आणि एकदा तर तिने एक वासरू गिळलं होतं, असं ते वासरू हरवणारा माणूस शपथेवर सांगतो. आज सकाळी योर्लेनीने तिला गुरांच्या मिठाची पोतीच्या पोती चारली होती. आता प्रश्न एवढाच होता, की गिळलेलं पाणी ही बाई ओकते कुठे?

गावाच्या झऱ्यात, असं योर्लेनीचं म्हणणं होतं. जंगलातले ओढे मोजणं, कुठलं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते शोधणं, हा तिचा पेशाच होता. राजधानीत, सान होसेच्या विद्यापीठात ती तेच शिकली आणि पहिली नोकरी मिळाल्यावर पहिलं काम मागून घेतलं ते आपल्याच गावाचं, पालमितालचं. मागून घोड्यावर येणारे बेलार्मिनोकाका पाणी समितीचे अध्यक्ष. त्यांचं म्हणणं, झऱ्याचं पाणी समोरच्या क्रुसाच्या टेकडीतून येतं, कारण झऱ्याची टाकी त्यांच्या वडिलांनी बांधली आणि वडील तसं म्हणायचे. विषय संपला.

पण विषय संपला नव्हता, कारण दुपारी गावाची सभा होती. वरचं जंगल गावाच्या मालकीचं, आणि शोभेचं नेचं पिकवणाऱ्या एका बागायतदाराला ते हवं होतं. तो झाडं तोडणार, नेचं लावणार आणि आठवड्याच्या आठवड्याला औषध फवारणार. काकांचं बरोबर असेल तर त्याचं झऱ्याला काहीच नाही. योर्लेनीचं बरोबर असेल तर ते औषध थेट गावाच्या कॉफीत.

आधी तिने गिळणारीत हिरवा रंग सोडायची परवानगी मागितली होती. रंग डोळ्यांना दिसतो, भांडणच नको. समितीने विचारलं, मग कॉफी हिरवी होईल का? योर्लेनी खरं बोलायची सवय असलेली मुलगी, म्हणाली थोडी होईल. परवानगी गेली. म्हणून मग मीठ.

झऱ्यापाशी अख्खं गाव जमलं होतं. कुणी चूल मांडली होती, कुणी मक्याची गोड धिरडी घालत होतं, पोरं टाकीवर चढत होती आणि आया त्यांना ओढून खाली काढत होत्या. खडकातून पाणी टाकीत पडतं तिथेच योर्लेनीने यंत्राची सळई सोडली. पाण्यात मीठ जितकं जास्त तितका पडद्यावरचा आकडा मोठा, एवढं तिने सगळ्यांना समजावलं होतं. आकडा होता एकसष्ट.

काका घोड्यावरून उतरले, त्यांनी वाकून पडद्याकडे बघितलं आणि सवयीने पुकारलं, “ओ खाली एकसष्ट.”

गाव खो खो हसलं. चर्चच्या जत्रेत बिंगोचे नंबर पुकारायचा मान वर्षानुवर्षं काकांचाच. बिंगोच्या कार्डावर ‘ओ’ अक्षराखाली एकसष्टपासूनचे नंबर असतात, ते पुकारताना काका म्हणायचे ‘ओ खाली’. त्यांच्या त्या आवाजावर गावाने कार्डावर मक्याचे दाणे मांडत अर्धं आयुष्य काढलं होतं.

पुढचे दोन तास काका मधूनमधून वाकायचे आणि पुकारायचे. ओ खाली एकसष्ट. परत ओ खाली एकसष्ट. धिरडी संपली. नंबर तरी बदला, कुणाचंच कार्ड भरत नाहीये, असं मागून कुणीतरी ओरडलं. योर्लेनी हसत होती खरी, पण तिने हातातला कॉफीचा पेला एव्हाना चारदा रिकामाच तोंडाला लावला होता.

आणि एकाएकी आकडा उडाला. एकशे चाळीस.

काय गलका झाला म्हणून सांगू. पोरं नाचायला लागली, घोडा बिचकला, कुणीतरी योर्लेनीला उचलून गरकन फिरवलं. काकांनी डोक्यावरची हॅट काढून छातीशी धरली. हे काका कुणाच्या मयतीशिवाय करत नसत. योर्लेनीला वाटलं आता आपण उडूच.

मग तिने पडद्याकडे बघितलं. एकसष्ट.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. डोंगराच्या पोटातून वाट काढत आलेलं मीठ असं येत नाही. ते खडकाखडकांत रेंगाळतं, थोडं पुढे, थोडं मागे. ते सावकाश चढतं आणि त्याहून सावकाश उतरतं. हे तर कुणीतरी आत्ता, इथे टाकलेलं मीठ होतं. आणि तिच्याशिवाय कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. काकांची हॅट अजून छातीशीच होती. ती गप्प राहिली असती तर सभा तिथेच संपली असती आणि जंगल वाचलं असतं.

एक क्षण ती गप्प राहिलीसुद्धा. मग म्हणाली, “हे माझं मीठ नाही.”

कुणी काही टाकलं का, असं तिने विचारलं. शेवटी टाकीच्या कडेला बसलेल्या सेनेइदाबाईंनी रुमालाची गाठ सोडली. सेनेइदा तिची माद्रिना, बाप्तिस्म्याच्या वेळी तिला मांडीवर घेतलेली धर्मआई. रुमालात पाद्रीबाबांनी मंत्रून दिलेलं मीठ होतं. आजारी गाईला, नव्या घराच्या उंबऱ्याला, परीक्षेला जाणाऱ्या पोराच्या खिशात माद्रिना ते घालायची.

“चिमूटभरच गं टाकलं,” ती म्हणाली. “तुझं काम व्हावं म्हणून. इतक्या पोत्यांत माझी चिमूट काय कळणार होती?”

“माद्रिना, तुमची चिमूट तर पोत्यांच्याही आधी पोचली.”

काकांनी हॅट डोक्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी घट्ट बसवली. “मला आधीपासूनच वाटत होतं,” ते म्हणाले. “इथे कुठेतरी पाणी मुरतंय.”

“काका, मी महिनाभर दुसरं काय सांगतेय?”

यावर सगळ्यात मोठ्याने हसली ती माद्रिनाच. पण काका हसले नाहीत. आता कुठलाही आकडा आला तरी गावाने विश्वास का ठेवायचा, असं त्यांनी विचारलं, आणि खरं सांगायचं तर प्रश्न चोख होता. लोक सभेसाठी चर्चकडे जायला उठू लागले.

योर्लेनीला एकदम काहीतरी सुचलं. ती टाकीवर चढली आणि म्हणाली, माद्रिना, आणखी एक चिमूट टाका, सगळ्यांसमोर.

माद्रिनाने टाकली. आकडा उडाला, आणि लोकांनी मान वाकवून बघेपर्यंत परत एकसष्टवर बसला.

“हे रुमालातलं मीठ,” योर्लेनी म्हणाली. “आलं, गेलं. माझं येईल ते पायी येईल. दमलेलं असेल, एकेक आकडा चढेल आणि लवकर उतरणार नाही. हातात पोतं असल्याशिवाय तशी लबाडी कुणालाही जमायची नाही. काका, राखण तुम्हीच करा.”

काकांना हे फार आवडलं. त्यांनी सगळ्यांना हात वर करायला लावले. म्हातारे, पोरं, रविवारी दानपेटी फिरवणारा पाद्रीबाबांचा पेटीवाला, सगळ्यांचे तळवे तपासले. खिसे उलटे करवले. माद्रिनाचा रुमाल जप्त केला. सगळ्यांना पार कुंपणापलीकडे पिटाळलं, योर्लेनीलासुद्धा, आणि स्वतः सळई हातात धरून झऱ्याच्या तोंडाशी मांडी घालून बसले.

कुंपणाच्या तारेला धरून योर्लेनी उभी राहिली. तिथून पडदा दिसत नव्हता. दिसत होती फक्त काकांची पाठ. ती पाठ कितीतरी वेळ हललीच नाही. क्रुसाच्या टेकडीची सावली टाकीपर्यंत आली. सभेची वेळ टळून गेली, पण एकही माणूस जागचा हलला नाही.

मग काका ताठ झाले.

“ओ खाली...” ते म्हणाले आणि थांबले. घसा खाकरला. “ओ खाली बासष्ट.”

कुणीच ओरडलं नाही. एकदा हसं झालेलं गाव होतं ते. काकांनी पडद्यावर फुंकर घातली, यंत्राला टिचकी मारली, आजूबाजूला कुणी आहे का ते बघितलं. कुणी नव्हतं.

“ओ खाली त्रेसष्ट.”

चौसष्टला माद्रिनाने योर्लेनीचा दंड धरला. सहासष्टला पोरं काकांच्या मागोमाग पुकारू लागली. एकोणसत्तरपर्यंत सगळं कुंपण पुकारत होतं, आणि काकांचा आवाज तर जत्रेतल्या आवाजालाही मागे टाकून निघाला होता. समोर काय सिद्ध होतंय हे बहुतेक ते विसरूनच गेले होते. योर्लेनी तारेला धरून जागच्या जागी उड्या मारत होती. मनात तिला सगळं दिसत होतं, ओढा काळोखात शिरला, फटीफटींतून सांडला, अंधारात वळणं घेत घेत आला, आणि आता हा बघा, दारात उभा.

“ओ खाली पंचाहत्तर,” काकांनी पुकारलं. आणि मग गप्प.

योर्लेनीने ओरडून विचारलं, उतरला का आकडा?

काकांनी मान वळवली. तोंड उघडंच होतं. “शहात्तर आलाय,” ते म्हणाले. “बिंगोत शहात्तर नसतो गं. पंचाहत्तरला संपतं सगळं.”

“पुकारा तरी काका.”

“ओ खाली शहात्तर,” काकांनी हळूच पुकारलं, आयुष्यात पहिल्यांदा. आणि गावाने कुंपण ओलांडलं.

सभेला चर्चपर्यंत कोण जाणार? ती झऱ्यावरच झाली. पाद्रीबाबांच्या पेटीवाल्यानेच विचारलं, जंगल ठेवायचं म्हणणाऱ्यांनी हात वर करा. मघाशी मीठ नाही हे दाखवायला वर गेलेले तेच सगळे हात पुन्हा वर गेले. काकांचा मात्र नाही. ते पाठ फिरवून पुकारतच होते, ओ खाली एक्क्याऐंशी.

“बेलार्मिनो,” माद्रिना म्हणाली, “तुझं मत?”

काकांनी क्रुसाच्या टेकडीकडे बघितलं. वडिलांच्या टाकीवरून एकदा हात फिरवला. मग उजवा हात उंच वर केला, आणि त्या हातात सळई होती. आकडा धाडकन शून्यावर आला.

“काका, पाण्याबाहेर काढू नका,” योर्लेनी किंचाळली, आणि मिठाने करकरणाऱ्या बुटांनी टाकीकडे झेपावली.