मंगलाबाईंचा फोन शंभर टक्के

बमरोलीतल्या आमच्या बिल्डिंगवरचा टॉवर उतरवला आणि एकाही फोनला रेंज राहिली नाही. चौथ्या मजल्यावरची शीतल तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने चाळीस जणांच्या फोनमध्ये एक ॲप घातलं. निरोप टॉवरकडे जायचाच नाही, एका फोनातून शेजारच्या फोनात उड्या मारत जायचा. मधल्या कुणाला तो वाचता येत नसे. बॅटरी वाचावी म्हणून नियम असा, की ज्या फोनात चार्जिंग जास्त, त्याच्यातूनच वाट काढायची.

तिसऱ्या मजल्यावरच्या मंगलाबाई फोन कधी वापरतच नसत. चार्जरला लावून त्याच्यावर रुमाल टाकत. त्यामुळे सगळ्यांचे निरोप त्यांच्याच फोनातून जाऊ लागले. त्या भाजीला गेल्या की तिसरा मजला मुका व्हायचा. शेवटी सेक्रेटरी मारुतीभाऊंनी त्यांच्यासाठी जिन्यात खुर्ची मांडली. येणारेजाणारे खुर्चीला हात लावून पाया पडू लागले.

"माले चलथाणले जानं शे," एक दिवस त्या म्हणाल्या. "नातीचं बारसं शे."

कमिटीची तातडीची मीटिंग बसली. मारुतीभाऊंनी बारसंच बमरोलीत करायचा ठराव मांडला. तेवढ्यात तळमजल्यावरचा छगन उठला. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कापड रंगवणारा, एकटा राहणारा माणूस.

"मावशी, बिनधास्त जा. माझा फोन फुल आहे, आणि मी सगळ्यांना जवळ पडतो."

मंगलाबाई गेल्या. छगन खुर्चीत बसला. पहिल्याच तासात सगळे निरोप त्याच्या फोनाकडे वळले, आणि एकही पुढे गेला नाही. 'मोटर बंद कर' हा सुषमाताईंचा निरोप न पोचल्याने टाकीचं पाणी जिन्यातून वाहिलं. विकासने पल्लवीला लग्नाचं विचारलं होतं. उत्तर येईना म्हणून तो दाढी न करता हिंडू लागला. पल्लवीचा होकारही छगनच्याच फोनात अडकला होता.

शीतलने त्याचा फोन हातात घेतला. "छगनकाका, बॅटरी चार टक्के आहे. ॲपला शंभर कोण सांगतंय?"

"दुकानवाल्याकडून फेरफार करून घेतला."

"आणि निरोप पुढे का सोडले नाहीत? उघडून वाचताही येत नाहीत तुम्हाला."

"मला कुणी मेसेज करत नाही गं. आलेल्या निरोपांचा आकडा चढायचा ना, बरं वाटायचं. चारशे बारा झाले होते."

शीतलने निरोप सोडवले आणि नवा नियम घातला: निरोप पुढे दिल्याची पोच ज्याच्याकडून येत नाही, त्याच्यावरून वाट नाही. छगनचा फोन वाळीत पडला. लोकही मग त्याला वळसा घालून जिना चढू लागले. त्यासाठी कठड्यावरून चढावं लागे, तरी चढत.

मंगलाबाई परतल्या, सगळं ऐकून घेतलं. मग शीतलला समोर बसवून त्यांनी जन्मातला पहिला मेसेज टाइप करवून घेतला: 'छगन, चहा ठेयेल शे. ये.'

छगन आत यायला कचरत त्यांच्याच दारात उभा होता. पण ॲप वाट काढायचं ती जास्त चार्जिंगच्या फोनांतूनच, आणि मंगलाबाईंचा फोन प्रवासात उतरलेला, दोन टक्क्यांवर. निरोप गच्चीपर्यंत जाऊन, नऊ फोन फिरून त्याच्या खिशात पोचायला वीस मिनिटं लागली. तोवर दोघं एकमेकांकडे बघत थांबले. मग फोन वाजला. छगनने निरोप वाचला, पुन्हा वाचला, आणि चपला काढून आत आला.