बूट चावतो का?

त्याने लेकीच्या नव्या बुटाच्या टोकावर अंगठा दाबून बोटं कुठवर पोचतात ते पाहिलं आणि मान वर न करताच विचारलं,

"गोळी कसली गं ही?"

"व्हिटॅमिनची."

"आणि खेळाच्या तासाला बसून का असतेस?"

"माझा... घोटा दुखतो."

"अडखळलीस. पुन्हा."

सोमवारपासून ती मोठ्या शाळेत जाणार होती. जुन्या शाळेत प्रार्थनेच्या रांगेत तिला झटका आला, सगळ्यांसमोर ती हातपाय झाडत पडली, दातांखाली जीभ सापडून तोंडातून रक्त आलं आणि त्या दिवसापासून तिचं नाव 'भूकंप' पडलं. ती वर्गात शिरली की पोरं बाक हलवायची. पोरंच ती, त्यांना कुठली आलीय दयामाया! लेक वर्षभर रडत घरी यायची. तेव्हाच त्याने ठरवलं, नव्या शाळेत कुणापाशी ब्र काढायचा नाही.

बायकोला हे मुळीच पटलेलं नव्हतं. निदान वर्गाच्या बाईंना तरी सांगा, म्हणून तिने आठवडाभर त्याच्यामागे टुमणं लावलं होतं. जुन्या बाई पोरीला कुशीवर वळवून डोक्याखाली हात धरायच्या. तिकडे कोण धरणार? त्यावर तो म्हणाला, बाईंना कळलं की शिपायाला कळतं आणि शिपायाला कळलं की गावाला. शिवाय आताशा झटका येतोय कुठे? आला तर मात्र लगेच कळवा, गोळी वाढवावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. झोपेत आला आणि लांबला, तर पोर हातची जायची.

थापा मारण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. उमेदीची सगळी वर्षं बुटांच्या दुकानात गेलेली. गिऱ्हाईकाच्या पायाशी बसून 'वापरून वापरून सैल होतो हो' हे त्याने इतक्यांदा म्हटलं होतं, की आता त्याचं त्यालाच ते खरं वाटायचं. तेच कसब तो लेकीला देत होता. उत्तर छोटं द्यायचं, लगेच द्यायचं, समोरच्याच्या डोळ्यांत बघून द्यायचं आणि वर थोडं हसायचं. फारच कुणी खोदलं, तर काही कळलंच नाही असं दाखवून उलट त्यालाच विचारायचं.

त्याने तिला चालून दाखवायला सांगितलं. ती दारापर्यंत गेली आणि परत आली.

"चावतो का?"

"नाही, बाबा."

तेवढ्यात बायको आतून आली. तिच्या हातात लेकीच्या उशीचा अभ्रा होता, त्याच्या कोपऱ्यावर वाळलेला तपकिरी डाग.

"हे रक्त कसलं?"

"हिरडीचं. ब्रश लागला."

छोटं, लगेच, आईच्या डोळ्यांत बघून. वर थोडं हसूही. हे उत्तर त्याने शिकवलेलं नव्हतं.

जीभ दाखव, म्हणाला. तिने निमूटपणे दाखवली. कडेला दातांचे व्रण होते. एक ताजा, बाकीचे भरत आलेले.

तो जमिनीवरच बसून राहिला. बांधायला घेतलेली बुटाची नाडी त्याने सोडून दिली.

"किती वेळा आला, बाळा? खरं सांग. बाबा रागावणार नाही."

लेकीने सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"काय आलं, बाबा?"