काडी कोणी अडकवली

कस्तुरा परीक्षेसाठी चुकीची वाक्यं दुरुस्त करत होती, तेवढ्यात दत्तोबाकाका तिच्या वडिलांच्या अपघाताचा जबाब घेऊन आले. कारखान्यात वडील ज्या पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करत, त्याच प्रेसवर त्यांच्या पाळीआधी काकांची पाळी असे.

“मला यावर सही करायची आहे. चुका तेवढ्या बघ, पोरी.”

‘एका बटणात काडी अडकवून प्रेस चालवताना भीमराज मरण पावला.’

हात आत सापडू नयेत म्हणून दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस चालत नसे. माल वाढवायला कामगार एक बटण काडीनं दाबून ठेवत.

“यात काडी बाबांनीच अडकवली असं होतं, काका. कोणी अडकवली?”

“साहेबांनी असंच लिहून दिलंय.”

“मी तुम्हाला विचारतेय.”

काका खाली बघत म्हणाले, “पाळी संपल्यावर काढायची राहिली. त्याला सांगायचंही राहिलं.”

तिनं वाक्य खोडलं, पेन त्यांच्या हाती दिलं.

काकांनी ‘मी’ लिहिलं आणि तिच्याकडं पाहिलं. पुढचं वाक्य सांगितलं तर काकाच अडकणार होते; तिची जीभ रेटेना.