शेंगोळ्यांचं पातेलं

अजिनाथरावांनी पातेलं टेबलाच्या अगदी कडेला ठेवलं, शेजारी डाव ठेवला आणि ते दोन पावलं मागं सरले. झाकण आपण उघडायचं नाही, घ्या घ्या म्हणून कुणाच्या मागं लागायचं नाही, सगळ्यांचं थोडंथोडं खायचं आणि पातेलं रिकामं झाल्याशिवाय घरी आणायचं नाही. पाय प्लास्टरमध्ये घालून पडलेल्या केशरबाईंनी नवऱ्याला हे दोनदा बजावलं होतं. सावेडीतल्या या सोसायटीच्या अंगतपंगतीतून त्यांचं पातेलं दरसाल निपटून परत यायचं. यंदा हुलग्याची शेंगोळी वळली होती ती अजिनाथरावांनी; उभा जन्म वाचनालयात पानं उलटलेल्या बोटांनी, केशरबाई खाटेवरून सांगतील तशी.

गच्चीवर हिवाळ्यातलं ऊन साचलं होतं. माणसं त्यात तरंगत असल्यासारखी दिसत होती आणि त्यांचं हसणं फार लांबून, पाण्याखालून यावं तसं येत होतं. पनीर संपलं. मंचुरियन संपलं. शेंगोळ्यांवरचं झाकण दोघातिघांनी उचललं, काळपट रस्सा पाहिला आणि आवाज न करता परत ठेवलं.

अजिनाथराव वाटी भरून पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसले. मग दुसरी वाटी. तिसरीला पोट तटतटलं, पातेलं मात्र अर्धंच उतरलं होतं. घरी काय सांगायचं, याचं एकही वाक्य त्यांना जुळेना.

तळमजल्यावरच्या लंकाबाई, केशरबाईंची जुनी मैत्रीण, कधी शेजारी येऊन बसल्या ते त्यांना कळलंच नाही. पातेलं त्यांनी सोबतच उचलून आणलं होतं.

“सोताचंच किती खाताल, भाऊजी? लोक म्हनतील, बायकूनं उपाशी धाडला.”

अजिनाथराव ओशाळले. लंकाबाई भाकरी कुस्करून सावकाश जेवत राहिल्या. शेंगोळी जरा जाड झालीत, पण चव केशरचीच हाय, एवढंच म्हणाल्या. शेवटच्या तुकड्यानं त्यांनी पातेल्याचा तळ पुसून घेतला.

घरी केशरबाईंनी पातेलं खिडकीच्या उजेडात तिरकं धरून पाहिलं. कुणी कुणी घेतलं, ते विचारलं. अजिनाथरावांना खोटं जमत नसे. त्यांनी खऱ्यातलं तेवढंच सांगितलं.

“लंकाबाईंनी. चांगल्या तीन वाट्या.”

केशरबाईंचा हात थांबला.

“लंकानं? अवो, तिला हुलगा सोसत न्हाई. दोन घास खाल्लं तरी पित्तानं आडवी हुती ती.”

पातेलं त्यांनी मांडीवर घेतलं.

अजिनाथरावांनी फ्रिजमधलं गार दूध पेल्यात ओतलं, वर बशी झाकली आणि एकेक पायरी जपत जिना उतरले.

दार लंकाबाईंनीच उघडलं. एक हात छातीशी धरलेला होता. पेला घेत त्यांनी हळूच विचारलं,

“खूश झाली का केशर?”

“पातेलं घासायला देईना झालीय,” अजिनाथराव म्हणाले.